प्रश्नाला हार्ट नको, उत्तर द्या: कॉलेज लायब्ररीवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
ग्रंथपाल सर-मॅडम, लायब्ररी कमिटीतले सगळे मेंबर, आणि लायब्ररीच्या इन्स्टाग्रामचा पासवर्ड ज्यांच्याकडे आहे ते जे कोणी असतील ते,

सप्रेम नमस्कार वि.वि.

मागच्या वर्षी एप्रिलमधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा, दुसऱ्या दिवशी दुपारी डिझर्टेशनचा पहिला ड्राफ्ट द्यायचा होता, आणि गाईडनी "हा पेपर वाचल्याशिवाय माझ्याकडे येऊ नको" म्हणून बजावलेला तो पेपर उघडायला गेले तर समोर पाटी, विकत घ्या नाहीतर तुमच्या संस्थेतर्फे लॉगिन करा. आता आमची लायब्ररी त्या जर्नलचे पैसे भरते हे मला पक्कं माहीत होतं, कारण कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तेच जर्नल धडाधड उघडायचं, फक्त घरून कसं उघडायचं ते माहीत नव्हतं. म्हटलं लायब्ररीच्या इन्स्टावर काहीतरी असेल. उघडलं तर सगळ्यात वर त्याच दिवसाची ताजी पोस्ट, एक उघडं पुस्तक, त्यातून उडणारी फुलपाखरं आणि "जागतिक पुस्तक दिनाच्या हार्दिक शुभेच्छा". २३ एप्रिल होता ना. खाली कमेंट टाकली, "घरून जर्नलचं लॉगिन कसं करायचं, प्लीज कुणी सांगेल का". ड्राफ्ट तो पेपर न वाचताच दिला, त्यावर जे ऐकायचं ते ऐकून झालं, आणि नवव्या दिवशी नोटिफिकेशन आलं. लायब्ररीने माझ्या कमेंटला हार्ट दिलं होतं.

राग नाही आला, खरं सांगते. हसू आलं आणि मग वाईट वाटलं, कारण नंतर कळलं की घरून लॉगिनची सोय होती, चांगली दोन वर्षांपासून होती. वेबसाईटवर सूचनांच्या पानावर एक स्कॅन केलेली पीडीएफ पडलेली, वाकडी, सही-शिक्क्यासकट, तिच्या दुसऱ्या पानावर सगळं व्यवस्थित लिहिलेलं. फक्त तसं केलेलं स्कॅन म्हणजे नुसता फोटो, त्यातले शब्द सर्चला दिसतच नाहीत, मग सापडणार कुठून. आणि यात काही मोठं गौडबंगाल पण नाही. प्रकाशकाच्या सर्व्हरला कॉलेजच्या नेटवर्कचा आयपी ॲड्रेस दिसला की दार उघडतं, घरच्या वायफायवरून पत्ता वेगळा दिसतो म्हणून बंद राहतं, मधे एक लॉगिनचं पान टाकलं की झालं काम. इझीप्रॉक्सी नावाचं सॉफ्टवेअर हेच काम १९९९ पासून करतंय, म्हणजे माझ्या वर्गातली अर्ध्याहून जास्त पोरं जन्मायच्या आधीपासून. म्हणजे पैसे भरले, सोय केली, सर्क्युलर काढलं, सगळं झालं, फक्त ज्याच्यासाठी केलं त्याला सांगायचं राहिलं. आणि तो ज्या ठिकाणी विचारायला आला तिथे फुलपाखरं.

मागच्या सेमिस्टरला मी संध्याकाळी लायब्ररीच्या काऊंटरवर मदतीला बसायचे, त्यामुळे आतली बाजूही थोडीफार पाहिलीय, उगाच बाहेरून दगड मारत नाहीये. महिनाअखेरीला एक तक्ता भरायचा असतो. पोस्ट किती टाकल्या, फॉलोअर किती वाढले, लाईक किती आले, आणि त्याचे स्क्रीनशॉट प्रिंट काढून फाईलला लावायचे (इन्स्टाच्या पोस्टची कलर प्रिंट काढून तिला पंच मारून टॅगने बांधताना मी स्वतः पाहिलंय, मीच बांधलीय). त्या तक्त्यात "किती जणांनी काय विचारलं आणि त्यातल्या किती जणांना उत्तर मिळालं" असा रकानाच नाही. मग जो रकाना आहे तोच भरला जाणार, माणूस दुसरं काय करणार. म्हणून मग दिनविशेष, शुभेच्छा, सुविचार, मान्यवरांच्या भेटीचे फोटो, आणि नव्या पुस्तकांच्या कव्हरचा तो कोलाज, ज्यात चाळीस कव्हरं एका चौकोनात कोंबलेली असतात आणि एकाही पुस्तकाचं नाव वाचता येत नाही.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांचे लायब्ररीचे पाच नियम तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलेत, मी काऊंटरवर बसल्या बसल्या विकिपीडियावर वाचलेत. १९३१ सालचे. त्यातला चौथा म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. इन्स्टाग्राम यायला तेव्हा अजून ७९ वर्षं होती, पण आमच्या लायब्ररीची कुठलीही पोस्ट उघडा आणि तो चौथा नियम शेजारी ठेवून बघा. कॅटलॉगची भलीमोठी लिंक पोस्टरमध्ये चित्र म्हणून छापलेली. ती दाबता येत नाही, कॉपी होत नाही, वहीत उतरवून घेऊन ब्राऊझरमध्ये टाईप केली तर पत्ता चुकीचा म्हणून सांगतं, कारण जो १ आकडा वाटला तो इंग्रजी एल होता. कॅप्शनमध्ये टाकली तरी तेच, इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक दाबली जातच नाही, ती बायोमध्ये ठेवायची असते नाहीतर स्टोरीत लिंकचा स्टिकर लावायचा. मग कुणीतरी सुचवलं असणार की क्यूआर कोड टाका. टाकला. आता तुम्हीच सांगा, पोस्ट माझ्या फोनवर, क्यूआर कोड माझ्या फोनवर, स्कॅन करायचा तो पण माझ्याच फोनने, मग मी काय आरशात बघून स्कॅन करू? क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने गाड्यांच्या पार्ट्सचा हिशोब ठेवायला काढला, म्हणजे वस्तूवर चिकटवायला. त्याची जागा रॅकच्या कडेला आहे. स्टॅटिस्टिक्सच्या रॅकवर एक कोड लावा, स्कॅन केला की त्याच विषयाची ई-बुकं उघडली पाहिजेत, कारण रॅकवरच्या दोन्ही कॉप्या बाहेर गेलेल्या असतात आणि ई-बुक असतं हे तिथे उभ्या असलेल्या मुलाला माहीतच नसतं.

तेच पोस्टर आमच्या वर्गातल्या एकाला दिसत नाही, तो स्क्रीनरीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतो. त्याच्यासाठी लायब्ररीची प्रत्येक पोस्ट म्हणजे नुसतं "इमेज". इन्स्टावर २०१८ पासून फोटोला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोत काय आहे ते शब्दांत, लिहायची सोय आहे, चार ओळी टाईप करायला एक मिनिट लागतं. एवढंच.

आता जी गोष्ट मला खरं म्हणजे सगळ्यात जास्त सांगायचीय ती ट्रॉलीची.

ऑनलाईन कॅटलॉगवर पुस्तक "उपलब्ध" दिसतं, नंबर लिहून घेऊन रॅकपाशी जावं तर जागा रिकामी. पुन्हा काऊंटरवर या, "बघ गं नीट, असेल तिथेच". तर होतं असं की कुणी पुस्तक परत केलं, ते स्कॅन झालं, की कॅटलॉगमध्ये त्या सेकंदाला ते उपलब्ध होतं, पण पुस्तक स्वतः काही उडत रॅकवर जात नाही, ते काऊंटरमागच्या लोखंडी ट्रॉलीत पडतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी लावायला घेईपर्यंत तिथेच असतं. परीक्षेच्या दिवसात तर दोन-दोन दिवस. हे कॅटलॉगला माहीत नाही, वेबसाईटला माहीत नाही, इन्स्टाला तर नाहीच नाही. हे माहीत असतं फक्त काऊंटरवरच्या काकांना. मी पहिल्या आठवड्यात एका मुलीला "नाहीये" म्हणून परत पाठवत होते तर काका मागून म्हणाले, "अगं थांब, ते काल संध्याकाळी आलंय, ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात बघ, निळ्या पाठीचं, कोपरा फाटलेला." निघालं. काकांना संगणक नीट येत नाही असं सगळे म्हणतात, पण त्या लायब्ररीतलं सगळ्यात अपडेटेड सर्च इंजिन तेच होते.

मग मी एक उद्योग सुरू केला. संध्याकाळी निघताना ट्रॉलीतल्या पुस्तकांच्या पाठी समोर येतील अशी फिरवून ठेवायची, एक फोटो काढायचा आणि आमच्या वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा, "आज परत आलेली, सकाळी या". डिझाईन नाही, लोगो नाही, लाईट पण धड नाही. पहिल्या दिवशी कुणी बघितलं की नाही कळलं नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी लायब्ररी उघडायच्या आधी दारात चौघं उभी होती, आणि आठवड्याभरात काका वैतागून म्हणाले की रॅकवर लावायला पुस्तकं उरतच नाहीत. हे तुम्ही लायब्ररीच्या व्हॉट्सॲप स्टेटसला टाका. स्टेटस २४ तासांनी आपोआप जातं, आणि ट्रॉली पण साधारण तेवढ्याच वेळात रिकामी होते, म्हणजे शिळी माहिती मागे राहतच नाही. मला तरी यापेक्षा चांगली जुळणारी जोडी सापडली नाही.

आणि आपलं लायब्ररीचं सॉफ्टवेअर, कोहा. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ मध्ये बनवलं आणि २००० च्या सुरुवातीला चालू झालं, ओपन सोर्स, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्यात पुस्तकाची तारीख जवळ आली की आधीच ईमेल आपोआप जाईल अशी सोय आहे, बाहेर गेलेल्या पुस्तकाला नंबर लावता येतो, आपलं पुस्तक आलं की निरोप येतो. हे सगळं आत आहे, आमच्याकडे फक्त बंद ठेवलेलं होतं. का म्हणून विचारलं तर उत्तर आलं की विद्यार्थ्यांचे ईमेल जुने आहेत, परत येतात. खरं होतं ते, ॲडमिशनच्या वेळी पोरांनी शाळेत असताना काढलेले डॅशिंग-प्रिन्स छाप पत्ते दिलेले, पासवर्ड केव्हाच विसरलेले. पण त्यावर उपाय काय, तर वर्षाचं पहिलं पुस्तक इश्यू करताना एक वाक्य विचारायचं, "ईमेल हाच आहे का अजून?" बास. त्याऐवजी आपण काय करतो तर वर्षभर कुणालाच काही आठवण करून देत नाही आणि वर्षाच्या शेवटी दंडाची यादी काढतो.

ती यादी. यावर मात्र मला राग आहे. पुस्तक न दिलेल्या पोरांची यादी, पूर्ण नाव, वर्ग, मोबाईल नंबर, पुस्तकाचं नाव आणि दंड, सगळं फोटो काढून नऊशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्यात एका मुलीच्या नावापुढे डिप्रेशनवरचं एक पुस्तक होतं. ती सायकॉलॉजीची नाही. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको, दोन दिवस ग्रुपवर तेच, आणि ती नंतर लायब्ररीत दिसली नाही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या १९३९ च्या आचारसंहितेत आधीच लिहिलंय की वाचकाशी आलेल्या संपर्कातून कळलेली खासगी माहिती ग्रंथपालाने गुपित ठेवायची. १९३९! तेव्हा ना झेरॉक्स ना मोबाईल. रजिस्टरच्या जमान्यात जे पाळायचं ठरलं होतं ते आपण फॉरवर्डच्या जमान्यात सोडून दिलं. तुम्ही मुद्दाम नाही केलं हे मला माहितीय, यादी नोटीस बोर्डवर लागायची तीच ग्रुपवर गेली, पण नोटीस बोर्डचा कुणी स्क्रीनशॉट काढून घरी नेत नव्हतं. शिवाय तो ग्रुपच मुळात कशाला, त्यात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, मुलींना अनोळखी मेसेज येतात, म्हणून अर्ध्या मुली बाहेर पडल्यात आणि उरलेल्यांनी म्यूट केलाय. सूचनाच द्यायच्या असतील तर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने चॅनल आणलंय, त्यात एका फॉलोअरला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. दंडाचं ज्याचं त्याला कळवा, एकेकट्याला.

हां, पण चॅनल म्हणजे लाऊडस्पीकर, तिथे तुम्ही बोलणार आणि आम्ही ऐकणार. विचारायला वेगळी जागा लागेलच, आणि तिथे माणूस लागेल. इथे येऊन सगळं अडतं हे मी ओळखून आहे. अकाऊंट उघडायला दहा मिनिटं पुरतात, रोज उत्तर द्यायचं म्हणजे कुणाच्या तरी ड्युटीतला तास द्यावा लागतो, आणि तो तास कुणी मंजूर करत नाही. आत्ता काय होतं तर जो सगळ्यात ज्युनिअर आहे त्याच्या स्वतःच्या फोनवर लायब्ररीचं अकाऊंट, तो सुट्टीवर गेला की लायब्ररी गप्प, नोकरी सोडली की पासवर्ड पण गेला. आणि ज्यांना उत्तरं माहीत आहेत ते काका फोनपासून लांब. हा प्रश्न नवा नाही, २००६ मध्ये अमेरिकेत शार्लट शहराच्या पब्लिक लायब्ररीत हेलेन ब्लोअर्स यांनी स्टाफसाठी "२३ थिंग्ज" नावाचा कार्यक्रम केला होता, तेव्हाची नवी साधनं म्हणजे ब्लॉग, फोटो शेअरिंग, आरएसएस फीड (साईटवर नवीन काही आलं की आपोआप कळवणारं), विकी असल्या २३ छोट्या गोष्टी ज्याने त्याने आपल्या वेगाने करून बघायच्या, खेळत खेळत, आणि पूर्ण करणाऱ्याला एमपी३ प्लेअर. नंतर जगभरच्या लायब्रऱ्यांनी तो उचलला, कॉलेज-युनिव्हर्सिटीवाल्यांनी पण. मला त्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शिकायला सगळ्यांना बसवलं, "टेक्निकल" म्हणून एकाला पकडून त्याच्या गळ्यात नाही घातलं.

कमिटीत कुणीतरी "आपली पण एखादी रील व्हायरल झाली पाहिजे" असं म्हणतं हे मी ऐकलंय. २०१० मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीने ओल्ड स्पाईसच्या जाहिरातीची नक्कल करून "इथे येऊन अभ्यास करा" असा व्हिडिओ काढला होता, लाखो लोकांनी पाहिला, अजून बघितला तरी हसू येतं. छानच आहे. पण आपल्या कॉलेजात पोरं किती, दोन-अडीच हजार? लाखो लोकांनी आपला व्हिडिओ बघून ते काय आपल्या रीडिंग हॉलमध्ये बसायला येणारेत? मला जर कुणी सांगितलं की घरून लॉगिन कसं करायचं याचा चाळीस सेकंदांचा स्क्रीन रेकॉर्डिंग व्हिडिओ फक्त तीनशे जणांनी पाहिला, पण त्यातल्या दोनशे जणांचं लॉगिन झालं, तर मी त्याला सुपरहिट म्हणेन.

आणि विषय कमी आहेत का. झोटेरो नावाचं फुकट सॉफ्टवेअर २००६ पासून आहे, संदर्भयादी आपोआप करून देतं, आमच्या बॅचमध्ये पाच जणांना माहीत होतं, बाकीचे रात्र रात्र जागून स्वल्पविराम आणि पूर्णविराम लावत बसले. आता नवीनच प्रकार सुरू झालाय. काऊंटरवर एक मुलगा यादी घेऊन आला, अकरा संदर्भ, एकदम टापटीप, लेखक, साल, जर्नल, पानं सगळं. आम्ही दोघांनी पाऊण तास शोधलं, त्यातले सात कुठेच नाहीत. जर्नल खरं, लेखक पण खरा, पण असा लेख त्याने आयुष्यात लिहिलेला नाही. चॅटजीपीटीकडून आणली होती यादी. तो बिचारा म्हणे, "मॅडम, तुमच्या लायब्ररीत काहीच कसं नाही?" नोव्हेंबर २०२२ मध्ये ते आल्यापासून हे कुठल्या लायब्ररीत झालं नसेल सांगा. आता यावर पोस्ट करा ना! डीओआय नंबर, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, असेल तर तो डीओआयच्या साईटवर टाकून बघा, उघडतो का आणि उघडलाच तर तोच लेख आहे का, शीर्षक अवतरणचिन्हात घालून शोधा, जर्नलच्या त्या वर्षाच्या अंकाची अनुक्रमणिका बघा. असा खोटा संदर्भ पकडायला कॉलेजात तुमच्याइतकं कुणी तयार नाही, तुमचा तर जन्म यात गेलाय, आणि हे आम्हाला आत्ता, या आठवड्यात हवंय. सुविचार पुढच्या महिन्यात पण चालेल.

रात्री साडेअकराला कुणी उत्तर द्यावं अशी माझी अपेक्षा नाही, तुम्हालाही घरदार आहे. बायोमध्ये एवढं लिहा की प्रश्न इथे विचारा, सकाळी १० ते संध्याकाळी ६ उत्तर मिळेल, सहानंतरचं दुसऱ्या दिवशी. आणि मग ते खरंच द्या. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं हायलाईटमध्ये लावून ठेवा म्हणजे रात्री येणाऱ्याला निदान तिथे सापडतील. पासवर्ड एका माणसाच्या फोनवर ठेवू नका. आणि त्या महिन्याच्या तक्त्यात एक रकाना वाढवा, विचारलेले प्रश्न आणि दिलेली उत्तरं. फाईलला लावायला स्क्रीनशॉटच लागत असतील तर त्या प्रश्नोत्तरांचे लावा, विचारणाऱ्याचं नाव खोडून, पंच मारायला मी येईन.

आपली,
तुमच्याच रीडिंग हॉलमध्ये खिडकीजवळच्या तिसऱ्या टेबलवर बसणारी एक विद्यार्थिनी

ता.क. ट्रॉलीचा फोटो सध्या कुणीच टाकत नाही, माझं काऊंटरचं काम संपलं तेव्हापासून बंद आहे. काकांना मी फोनवर स्टेटस कसं टाकायचं ते दाखवलंय, त्यांना जमतं, ते फक्त तुमच्या परवानगीची वाट बघतायत.